आवं, किती डोकी राहिली?

अहो, तुम्हाला शेवटचा फेटा ज्यानं बांधला, त्याला फेटा बांधता येत नव्हता. आधी हेच सांगून टाकते, कारण तेव्हापासून ते माझ्या मनातून जात नाही. तुमचा लोणंदचा पुतण्या. बिचारा रडत होता, आणि त्या नव्या पांढऱ्या कापडाचे वेढे त्यानं तुमच्या डोक्याला असे घातले की बघणाऱ्याला वाटावं, डोकं फुटलंय म्हणून पट्टी केलीय. ना पीळ, ना तुरा. पाठीवर सोडायचा शेमला कुठं गेला ते त्यालाच ठाऊक. खरं सांगते, मला रडू यायच्या आधी राग आला. मी उठायला लागले, तर आक्कांनी खांदा दाबून खाली बसवलं. "बायामाणसानं म्होरं जायाचं न्हाई गं आता," म्हणाल्या. तुमची थोरली बहीण, तिच्यापुढे तुमचं कधी चाललं नाही, माझं काय चालणार? दोन जिल्ह्यांतल्या नवरदेवांची डोकी सजवलेला माणूस तसल्या फेट्यात गेला. तुम्ही असता तर "थांब रं गड्या" म्हणून सगळं सोडलं असतं आणि पहिल्यापासून बांधलं असतं.

मग बायका माझ्याकडे वळल्या. आक्कांनी माझे हात पुढे ओढले, आणि ओढले ते तसेच धरून राहिल्या. हात मोकळेच होते.

"बांगड्या कुठं हायत्या तुज्या?"

मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, दुःखानं वाचा बसली. कुणीतरी म्हणालं, काढून ठेवल्या असतील आधीच. बरं झालं म्हणाल्या, आणि विषय मिटला. पण तुम्हाला आणि मला माहीत होतं, बांगड्या कुठं आहेत. दाराच्या मागं खुंटीला लटकलेल्या फेट्यांच्या पिशवीत, तुमच्या निळ्या रुमालात बांधून. आदल्या दिवशी मेढ्याच्या लग्नात मी तुमच्याकडे दिल्या होत्या, नेहमीसारख्या. काचेची बांगडी हातात घालून नवरीच्या निऱ्या खोचायच्या म्हणजे रेशमाचा धागा ओढला जायचाच, म्हणून काम सुरू करायच्या आधी मी त्या उतरवायची आणि तुम्ही सांभाळायचा. काम झालं की मी हात पुढे करायची आणि तुम्ही एकेक चढवायचा. डाव्या हाताची शेवटची नेहमी अंगठ्याच्या हाडाशी अडायची. तुम्ही कासारासारखे म्हणायचा, "हात ढिला सोड, शालन. ढिला सोड." आजूबाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. या वयात चारचौघांत नवरा हातात बांगड्या भरतोय म्हणजे काय!

त्या दिवशी मेढ्याहून शेवटची एसटी सुटायला आली होती. मी हात पुढे केला तर म्हणालात, "घरी गेल्यावर घालतो, पळ आता." गाडीत बसलात आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरायला लागलात. कराडला उतरून घरी आलो, आमटी-भात केला, दोघंही दमलेले, आडवे झालो. सकाळी तुम्ही चहा घेतलात. "आज साखर बरूबर पडली," म्हणालात. आणि कप खाली ठेवताना तुम्ही कपाबरोबर खाली गेलात. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार. मला त्यांचं खरं वाटतं, कारण तुमच्या तोंडावर चहा आवडल्याचाच भाव होता.

आपलं हे काम सुरू कसं झालं ते लोकांना सांगताना तुम्ही फार तिखटमीठ लावायचा. पण मूळ गोष्ट साधी होती. सूतगिरणीतून तुम्ही निवृत्त झालात आणि मागोमाग गिरणीलाच कुलूप लागलं. पेन्शन आली ती आपल्या दोघांच्या गोळ्यांना पुरली असती, पण मग खायचं काय? आपला पोरगा विजय पुण्यात, कंपनीत. फ्लॅटचा हप्ता, पोरीची शाळा. तो पाठवतो म्हणायचा आणि पाठवायचाही, पण त्याच्या आवाजावरून आपल्याला कळायचं की या महिन्यात ओढाताण आहे. तुम्ही कुठंकुठं विचारून आलात. पेट्रोल पंपावर म्हणाले, वय झालं. दवाखान्याच्या दारात उभं राहायचं काम मिळालं, तर गुडघ्यांनी आठवडाभरात हात टेकले. मी फॉल-पिको करायची, पण डोळे साथ देईनात. त्या वर्षी तुम्ही दुपारचे खिडकीत बसून राहायचा आणि मी उगाचच भांडी घासत राहायची, आवाज व्हावा म्हणून.

मग शेजारच्या शाळेचं गॅदरिंग आलं. पोरींच्या लेझीमला नऊवारी नेसवायला बाई हवी होती, पोरांना फेटे बांधायला माणूस हवा होता. आपण गेलो ते शेजारधर्म म्हणून. तुमच्या गावात जत्रेला सगळ्या वाडीचे फेटे तुमचे चुलते बांधायचे, त्यांच्याकडून तुम्ही शिकलेला. मला तर आटपाडीत माझ्या आज्जीनं शिकवलेली नऊवारी, जी नेसून बाई मेंढरांमागं डोंगर चढली तरी सुटत नाही. त्या गॅदरिंगला एक बाई पोरीला बघायला आल्या होत्या, त्यांच्या घरी पुढच्याच आठवड्यात लग्न होतं. तिथून जी सुरुवात झाली ती झाली. वर लोणंदपासून इकडे आटपाडीपर्यंत, कुठल्या मंगल कार्यालयातली मोरी कुठं आहे हे आपल्याला डोळे मिटून सांगता आलं असतं.

विजय त्याच्या सासरी सांगायचा, "आईबाबांना हौस आहे." तुम्हाला ते अजिबात आवडायचं नाही. तो असतानाच एकदा म्हणालात, "हौस असती तर आमी म्हाबळेश्वरला गेलो असतो. वैशाखात आटपाडीला कोण हौसेनं जातंय रं?" तो ओशाळला. मी तुम्हाला डोळे वटारले. पोरानं बापाची लाज राखायला चार शब्द बोलले तर बिघडलं कुठं, असं माझं म्हणणं. तुमचं म्हणणं, यात लाज कसली, पोटासाठी करतो ते पोटासाठी म्हणायचं. या वादाचा निकाल काही लागला नाही. पण आता एक कबूल करते, तुमच्यामागं मला त्या "हौस" शब्दाचा काही उपयोग झाला नाही. तुमच्याच शब्दाचा झाला. तो कसा, ते पुढे सांगते.

तसा आपला दुसरा वाद मोठा होता, शेमल्याचा. तुम्ही शेमला कमरेपर्यंत सोडायचा. माझं म्हणणं, खांद्याखाली वीतभर पुरे, जेवायला वाकलं की तो आमटीत जातो. माझे वडील मेंढरं राखायचे, त्यांचा लाल पटका कसा आटोपशीर असायचा! तुम्ही म्हणायचा, "तुजा बा मेंढरं राखायचा, त्याला कोण बघणार हुतं? मेंढरंच न्हवं?" मी म्हणायची, लोणंदच्या कांद्याला काय कळणार. मग तुम्ही मला "दुष्काळी" म्हणायचा आणि मी तुमचे फेटे घडी न घालता तसेच टाकून द्यायची. अर्ध्या तासानं पुन्हा घडी घालायला बसायची, कारण दुसऱ्या दिवशी लग्न असायचं.

तुम्हाला म्हणून सांगते, ती वर्षं आपली फार चांगली गेली. गिरणीत होता तेव्हा पाळ्या असायच्या, आपण कधी एका वेळी जेवलो नाही. आणि म्हातारपणी रोज लग्नाचं जेवण, तेही शेजारी बसून! शेवटच्या पंगतीला वाढपी दमलेले असायचे, जिलबी आपल्याच हातानं घ्यायला सांगायचे. तुम्ही प्रत्येक मसालेभाताला वर्गशिक्षकासारखा शेरा द्यायचा. विट्याचा पास, फलटणचा नापास. आणि मंगलाष्टका सुरू झाल्या की तुम्ही मांडवाच्या पार मागं, माझ्या पाठीशी येऊन उभे राहायचा आणि मूठभर अक्षता नवरा-नवरीऐवजी माझ्या डोक्यावर टाकायचा. "तांदूळ वाया घालवू नका," मी म्हणायची. इतक्या वेळा अक्षता पडलेली बायको सातारा-सांगलीत दुसरी नसेल.

दिवसभर आपण असायचो मात्र दोन खोल्यांत. मी नवरीकडे, तुम्ही पुरुषांत. मी मधेच दारातून हाक द्यायची, "आवं, किती डोकी राहिली?" आणि पलीकडून तुमचा आवाज यायचा, "लय हायत अजून, तू उरक तुजं!" त्या एवढ्याशा बोलण्यावर माझे हात पुन्हा हलके चालायला लागायचे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलंच नाही तेव्हा.

एक गोष्ट तुम्ही बोलायला लागला होता आणि मी पुरती बोलू दिली नाही. दिवाळीच्या आसपासची. तुम्ही फेट्यांना इस्त्री करत होता. म्हणालात, "शालन, मी म्होरं गेलो तर लोक तुला नवरीच्या खोलीत घ्याचं न्हाईत. तवा तू काय करनार?" मी म्हटलं, शुभ बोला, जीभ झडेल. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "बरं, ऱ्हायलं." तुमच्याकडे त्यावर काही तोड होती का? का नुसतीच काळजी होती? त्या दिवशी जीभ आवरली असती तर आज कळलं असतं. बसते मग मीच तुमच्या बाजूनं उत्तरं बनवत.

कारण तुम्ही म्हणाला तेच झालं. तेरावं झालं आणि फोन यायला लागले. तसे सगळे चांगलेच बोलले हो. लोणंदच्या त्या बाई, ज्यांच्या दोन मुलींना मी नेसवलं, त्या म्हणाल्या, "मावशी, तुमी आता आराम करा." कराडच्या कार्यालयाचे मॅनेजर म्हणाले, "बघू, कळवतो." कुणी वाईट शब्द काढला नाही, पण पुढचं एकेक लग्न गळत गेलं. आराम करा म्हणे! आरामाला भाडं कोण देणार? मी कुणावर रागावले नाही. मुलीचं लग्न म्हटलं की आईबाप मांजरालाही आडवं जाऊ देत नाहीत, तर माझी काय कथा.

विजय आला. पोरगा गुणी आहे, तुमच्यासारखा फटकळ नाही. म्हणाला, "आई, खोली सोडू. महिनाअखेरीला टेम्पो घेऊन येतो. तू चल पुण्याला." मी त्याला म्हटलं, तुझ्या दोन खोल्यांत मी कुठं मावणार? तो म्हणाला, हॉलमध्ये. त्या हॉलमध्ये पोरगी अभ्यास करते, सुनबाई घरून काम करते, आणि मी दिवाणावर बसून दोघींची अडचण होणार. प्रेमानं ठेवतील, माहीत आहे. पण अहो, मला माझ्या चुलीवरचा चहा हवा आहे, आपली खिडकी हवी आहे, आणि सकाळी उठून कुठंतरी जायचंय असं वाटायला हवं आहे. मी त्याला सांगितलं, आटपाडीचं एक लग्न अजून कुणी रद्द केलेलं नाही. तिथं मला काम करू दिलं तर खोली राहील. तिथूनही परत पाठवलं तर तू टेम्पो सांग, मी मुकाट्यानं बसेन.

आटपाडीच्या बायजाक्का तुम्हाला आठवत असतील. त्यांच्या थोरल्या नातीच्या लग्नात तुम्ही त्यांच्या पोराला फेटा बांधला होता आणि त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, "पावणं, ह्यो शेमला हाय का शेपूट?" तुम्ही आठवडाभर तेच घोकत होता. आता धाकट्या नातीचं लग्न. मी स्वतः फोन केला, कारण उगाच तिथपर्यंत जाऊन दारातून परत फिरणं मला झेपलं नसतं.

म्हटलं, "आक्का, मालक गेले माझे."

"कळलं मला. लय वंगाळ झालं. मानूस हसरा हुता." मग त्यांनी विचारलं, "मंग तू येनार न्हाईस व्हय?"

"तुम्ही बोलावलं तर येते. मला यायला पाहिजे आक्का. पोटासाठी यायला पाहिजे."

तुमचा शब्द तो हा. हौस म्हटलं असतं तर त्यांनी पण म्हटलं असतं, ऱ्हाऊ दे बाई, हौस पुढल्या वर्षी भागव.

"ये की मंग. आनि फेट्याची पिशवी बी आन. भाड्यानं दे आमाला. बांदायचं आमचं आमी बघू."

खुंटीवरची पिशवी मी तोवर उघडली नव्हती. तशीच खांद्याला लावली आणि गाडी पकडली. रुमालाची गाठ कमरेला लागत होती, सारा रस्ता लागत होती. शेजारची जागा रिकामी होती, तिथं एक कोंबडीवाला येऊन बसला आणि तोही घोरायला लागला. मला बरं वाटलं.

नवरीच्या खोलीच्या दाराशी पोचले, आत बायकांची गर्दी. नवरीची एक चुलती होती, जरीची साडी, केसात गजरा. ती बायजाक्कांच्या कानाशी लागली, पण कुजबुजणं तिला जमत नसावं, सगळं ऐकू आलं.

"आत्याबाई, हिचं मालक गेल्यात न्हवं आत्ताच? दुसरी कोन न्हाई का?"

मी दाराशीच उभी होते. पाय आतही जाईनात आणि मागंही. डोळ्यांपुढं टेम्पो उभा राहिला, त्यात आपला दिवाण, तुमची इस्त्री, सगळं दोरीनं बांधलेलं.

बायजाक्का खाटेवरून उठल्या नाहीत. पान जुळवत म्हणाल्या, "दुसरी हाय की. तू नेसव."

"मला कुठं येतंय नऊवारी?"

"मंग पदर धर. आनि येक आयक, नवरी कुनी नेसवली ते मांडवात कोन बघत न्हाई. ओचा सुटला का ते समदी बघत्यात."

खोली हसली. चुलतीही हसली, तिला हसावंच लागलं. आणि तिनं खरंच पदर धरला, शेवटपर्यंत धरला, अगदी नीट. पोर घाबरलेली होती, निऱ्या धरताना मला कळत होतं. कास मारली, ओचा खोचला. मी तिला मांडी घालून बसायला लावलं, उठवलं, पाटावर चढवलं, उतरवलं. हललं काही नाही. ती आरशात बघून पहिल्यांदा हसली. आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं, मोठ्यानं, दाराकडे तोंड करून, "आवं, किती डोकी राहिली?"

चुलतीनं खाली बघितलं. माझाच आवाज मला परका वाटला आणि आत काहीतरी सुटत चाललं होतं, तेवढ्यात दाराबाहेरून नवरीचा मामा ओरडला, "समदीच ऱ्हायल्यात मावशे! येकाचं बी जमंना झालंय!"

बाहेर जाऊन बघते तर काय! अहो, तुम्ही असता तर कपाळाला हात लावला असता. मोबाईलवर व्हिडिओ लावून ठेवलेला आणि पिशवीची वाट न बघता चारपाच बाप्ये एकमेकांच्या डोक्याला घरातलंच कापड गुंडाळत होते. एकाचा कानावर आला होता, एकाचा नाकावर. मामाचा तर तुमच्या पुतण्यानं बांधला होता तसा. तो बघितला आणि मला त्या दिवशीचा राग जसाच्या तसा आला. मी म्हटलं, "सोडा ते आधी."

फेटे घ्यायला पिशवी उघडली तर वरच रुमाल. गाठ सुटली होती, हिरवी काच दिसत होती. मागं बायजाक्का येऊन उभ्या होत्या. माझे दोन्ही हात गुंतलेले, रुमाल त्यांच्या हातात दिला. "धरा जरा," म्हटलं. त्यांनी धरला.

मी तुम्हाला बांधताना इतकी वर्षं बघितलं, घड्या घातल्या, पीळ धरून ठेवला, पण कुणाच्या डोक्याला हात लावला नव्हता. तुम्ही तरी कुठं लावू दिलात! मामाचं डोकं मोठं, घामेजलेलं. पहिला वेढा चुकला, सोडला. दुसऱ्यांदा पीळ बसला. तुरा उभा राहिला. आणि शेमला, तो मी माझ्या मापाचा सोडला, खांद्याखाली वीतभर. आता कोण अडवणार होतं मला?

मामा आरशासमोर गेला, मान वळवून पाठीकडे बघितलं आणि म्हणाला, "मावशे, जरा लांब सोड की. तुजं मालक सोडायचं तसा."

घ्या. तुम्ही गेल्यावरही तुमचंच चाललं. मी दातओठ खात तो कमरेपर्यंत सोडला आणि मग उरलेल्या सगळ्यांचाही तसाच सोडला. लोकांना आवडतं तर मी काय करू. एकाचा जेवताना आमटीत गेला, तो मात्र मी तुमच्या नावावर मांडला आहे.

त्या फेट्यांत तुमचाही एक बांधून झाला असं मी धरलं. पुतण्यानं बांधलेला मी मनातल्या मनात सोडला आणि पुन्हा बांधला, पीळ, तुरा, शेमला, सगळं जागच्या जागी. आता त्या गोष्टीचा राग नाही.

मंगलाष्टका झाल्या. मी मांडवाच्या मागं उभी होते. डोक्यावर काही पडलं नाही, म्हणून मीच माझ्या मुठीतल्या अक्षतांतल्या दोन स्वतःच्या डोक्यावर टाकल्या. तांदूळ वाया घालवले. शेवटच्या पंगतीत जेवले. मसालेभात पास आहे.

पिशवी बांधत होते तर बायजाक्का आल्या, हातात रुमाल. स्वतःची मनगटं उघडी, किती वर्षांपासून कुणास ठाऊक. रुमाल माझ्यापुढे धरला.

"ह्या कुनाच्या?"

"माझ्याच."

"मंग घाल की बाई. सांबाळत बसायला मी काय तुजा न्हवरा हाय व्हय?"

चुलती "आत्याबाई!" म्हणून ओरडलीच. मला हसू आलं, असं आलं की आवरेना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग ते पाणी थांबेना. बायजाक्का तशाच हात पुढे करून उभ्या होत्या. म्हातारीला घाई नव्हती.

मी चारचौघींत बसले आणि माझ्या हातानं एकेक चढवली. उजव्या हाताच्या सहज गेल्या. डाव्या हाताची शेवटची अंगठ्याच्या हाडाशी अडली, नेहमीसारखी. जोर लावून बघितला, जाईना. फुटेल म्हणून चुलती साबण आणायला उठली.

"नको," म्हटलं, "बस तू." आणि मी हात ढिला सोडला.

गेली.